उजव्या हाताला मतदारसंघ

त्या गुरुवारी मतदान होतं. काकांनी सकाळी मत दिलं. दुपारी ते बसमध्ये बसले आणि हिथ्रोला गेले.

रीडिंगहून हिथ्रोला माणसं रोज जातात. काका पाच वर्षं गेले नव्हते. विमानतळ लंडनच्या हद्दीत येतो, आणि परिक्रमा पुरी होईपर्यंत लंडनच्या हद्दीत पाऊल ठेवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. परिक्रमा नर्मदेची नव्हती. युरोपियन पार्लमेंटच्या साउथ ईस्ट इंग्लंड या मतदारसंघाची होती.

काका माझे घरमालक. मूळचे शहाद्याकडचे. तरुणपणी इंग्लंडला आले, रीडिंगच्या एका शाळेत भूगोल शिकवला आणि तिथूनच निवृत्त झाले. काकू मी येण्याआधीच गेल्या होत्या. एकुलती मुलगी लग्न होऊन लंडनमध्ये, ईलिंगला राहत होती. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या काका कामासाठी आलेल्या मराठी मुलांना देत. मी नागपूरला इतिहासात एम. ए. केलं होतं आणि पोटासाठी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम शिकून इकडे आलो होतो. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला दारातच थांबवलं.

"मतदार आहेस?"

"काका, मी भारतीय आहे. व्हिसावर आलोय."

"मग? कॉमनवेल्थमधला आहेस, इथं राहतोस. तुला मत आहे. कौन्सिलला आहे, वेस्टमिन्स्टरला आहे आणि युरोपलाही आहे. ऑफिसात कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"नाहीच सांगणार. त्यांनाच कुठं ठाऊक असतं! हा नोंदणीचा फॉर्म भर. खोली मग बघ."

खोली बरी होती. नसती तरी मी घेतली असती. परक्या देशात मला कुणीतरी, माझं नाव विचारायच्याही आधी, तुझं इथं मत आहे असं सांगितलं होतं.

मतदारसंघाचा इतिहास काका भांडी घासताना सांगत. ते घासायचे, मी पुसायचो. पूर्वी युरोपच्या निवडणुकीचे मतदारसंघ लहान होते, एकाला एक खासदार. मग नव्व्याण्णव साली सगळे मोडले आणि ऑक्सफर्डशरपासून केंटच्या टोकापर्यंत एकच अगडबंब मतदारसंघ केला. त्याला अकरा खासदार. मत द्यायचं ते पक्षाला, माणसाला नाही. दोन हजार चार साली अकराचे दहा झाले.

"एक होता तेव्हा त्याला शिव्या देता येत होत्या," काका म्हणायचे. "तोही बिचारा ऐकून घ्यायचा. आता दहा आहेत. दहांना शिव्या द्यायच्या म्हणजे वाऱ्याला द्यायच्या."

तरी ते दहाही जणांना पत्रं लिहीत. एकाने उत्तरादाखल पक्षाचं नाव छापलेलं पेन पाठवलं. ते उठत नव्हतं. काकांनी तेही त्याला कळवलं.

त्यांचं खरं दुःख वेगळं होतं. एका टोकाच्या बॅनबरीचा माणूस आणि दुसऱ्या टोकाच्या डोव्हरचा माणूस एकाच मतदारसंघात मत देतात, पण दोघांनी एकमेकांचं गाव पाहिलेलं नसतं. आपण एका मतदारसंघात आहोत हेही त्यांना माहीत नसतं. "हा मतदारसंघ आहे का धर्मशाळा?" ते विचारायचे. निदान एका मतदाराने तरी तो पुरा पाहिलेला असावा, असं त्यांच्या मनाने घेतलं. लहानपणी त्यांनी आपल्या चुलत्यांना नर्मदेची परिक्रमा करून घरी आलेलं पाहिलं होतं. एखादी गोष्ट पुरी पाहायची म्हणजे ती उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती चालायचं, ही एकच रीत त्यांना ठाऊक होती. दहा खासदार झाले त्या उन्हाळ्यात त्यांनी डार्टफर्डला थेम्सच्या काठावर पाण्याला नमस्कार केला आणि केंटच्या किनाऱ्याने चालायला सुरुवात केली. दर शनिवारी ट्रेनने जायचं, मागच्या वेळी सोडलं त्याच जागी उभं राहायचं आणि पुढे निघायचं. मतदारसंघ उजवीकडे, समुद्र डावीकडे.

नियम चुलत्यांचेच होते. हद्द ओलांडायची नाही. वाटेत कुणी देईल ते खायचं. पहिल्या दोन शनिवारी कुणी काहीच दिलं नाही, तेव्हा काकांनी दुरुस्ती केली: "इंग्लंडात सदावर्त नसतं. म्हणून चिप्स चालतात." समोरून कुणी आलं की म्हणायचे, "गुड मॉर्निंग, फेलो व्होटर." लोक कुत्र्याला जवळ ओढून घेत आणि गुड मॉर्निंग म्हणत. भारतात जायचं झालं तर काका गॅटविकहून जात, दोन ठिकाणी विमान बदलून. गॅटविक वेस्ट ससेक्समध्ये, म्हणजे आपल्यात.

त्यांच्याबरोबर मी चालायचो. दर शनिवारी नाही, पण पुष्कळदा. आइल ऑफ वाइटला जाताना फेरी घ्यावी लागली. नर्मदेच्या मुखाशी परिक्रमावासी नावेने पलीकडे जातात, तेव्हा बोट चालते, असा निर्णय त्यांनी डेकवर उभं राहून दिला. "तुला काय वाटतं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "चालते." ते समाधानाने मान हलवत राहिले. माझ्या मताला एवढी किंमत कुणी दिली नव्हती. माझे वडीलही शिक्षक, पण मितभाषी होते. त्यांनी मला काय वाटतं असं कधी विचारल्याचं आठवत नाही. त्या दिवशी डेकवर वारा होता, काकांची माकडटोपी होती आणि आम्ही दोघंच होतो. त्या घरातले माझे सर्वांत चांगले दिवस कुठले म्हणाल तर ते हे. मंदार यायच्या आधीचे.

मंदार डोंबिवलीचा. फायनान्समध्ये होता. शेजारची खोली त्याने घेतली आणि आठवडाभरात घर त्याचं झालं. मला त्याचा हेवा वाटतो. इथं 'वाटायचा' असं लिहिता आलं असतं, पण ते खरं झालं नसतं.

तो काकांच्या मतदारसंघाला तालुका म्हणायचा. "काका, काय म्हणतो तुमचा तालुका? पाऊसपाणी ठीक?" काका खोटं खोटं रागवायचे. "तालुका कुणाला म्हणतोस रे, टवाळा? काही देश मावतील त्यात!" माझ्यावर ते खोटं खोटं कधी रागावले नाहीत. खरंही रागावले नाहीत.

मतांच्या प्रमाणात जागा कशा वाटतात हे काका पुऱ्या वाढून समजावत. ज्याची भूक मोठी त्याला पहिली पुरी. ती मिळाली की त्याची भूक निम्मी धरायची, दुसरी मिळाली की एकतृतीयांश, तिसरी मिळाली की पाव, आणि दर वेळी पुन्हा बघायचं, आता कुणाची मोठी. प्रत्येकाने आपली भूक आधी जाहीर करायची. मंदार हात वर करून सांगायचा, "आमची लाट आहे काका, लाट! शंभर!" मी म्हणायचो, पंधरा. चार पुऱ्या झाल्या तरी मंदारचीच भूक मोठी निघायची, आणि मी ताटात चटणी पसरत बसायचो. "अरे, जाहीरनाम्यात थोडं वाढवून सांगावं," काका मला म्हणायचे आणि पाचवी पुरी नियमाप्रमाणे मंदारला द्यायचे. मला भूक वाढवून सांगता आली नाही. अजूनही येत नाही.

परिक्रमेला मंदार एकदाच आला. हॅम्पशरच्या सीमेवर, ऑफिसचे बूट घालून, चिखलात. अर्ध्या तासात त्याचा एक बूट रुतून बसला. तो एका पायावर उभा राहून ओरडला, "काका, तालुक्याने माझा बूट जप्त केला! दहातल्या कुठल्या खासदाराकडे तक्रार करू?" काका हसले. इतके हसले की कुंपणाला धरून खाली बसले आणि डोळे पुसत राहिले. मी चिखलातून बूट काढला. मी त्यांच्याबरोबर केंट आणि ससेक्स चाललो होतो. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

काकांना नात झाली तेव्हा प्रश्न उभा राहिला. बारसं ईलिंगला. काका म्हणाले, जमणार नाही. मुलगी रीडिंगला आली आणि स्वयंपाकघरात उभी राहून भांडली. ती इथेच जन्मलेली. तिचं मराठी तिच्या रागाला पुरत नसे.

"बाबा, तुमचा परिक्रमा कधी संपेल? बेबी युनिव्हर्सिटीला जाईल तोपर्यंत! यू आर बीइंग सिली!"

"मी येतो ना. हद्दीपर्यंत येतो."

"हद्दीवर कोण बारसं करतं?"

पण केलं. स्लाउच्या पलीकडे एक लहानशी नदी आहे. तिच्या अलीकडे बकिंगहॅमशर, म्हणजे साउथ ईस्ट, आणि पलीकडे लंडन. ईलिंगच्या बायका साड्यांवर कोट घालून, घुगऱ्यांचे डबे घेऊन पुलावरून अलीकडे आल्या. प्रवासातला घडीचा पाळणा गवतावर मांडला. मंदारने बदकांना हाकलण्याचं खातं घेतलं. कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ थांबले तेव्हा काकांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं: आपण एकाच मतदारसंघात आहोत, ती मंडळी दुसऱ्यातली, आणि ही माझी नात आज काही वेळापुरती आपल्यात आलेली आहे. गृहस्थ म्हणाले, "अभिनंदन. मी फक्त कुत्र्यासाठी आलोय." त्यांनाही घुगऱ्या दिल्या. मुलगी आधी रडली आणि मग हसली. येताना पुलाच्या मध्यावरून तिने बाळ काकांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांचे पाय रेषेच्या अलीकडे होते. फक्त हात पलीकडे गेले. "हात चालतात," काका मला हळूच म्हणाले. मी मान हलवली.

म्हणूनच त्या हिवाळ्यात माझे वडील गेले तेव्हा विमानतळापर्यंत येता का, असं काकांना विचारावंसं मला वाटलं नाही. सकाळी भावाचा फोन आला. काकांनी माझी बॅग भरली. मला काय भरायचं ते सुचत नव्हतं. ट्रेनने ते माझ्याबरोबर स्लाउला आले. तिथून विमानतळाची बस घेतली. बॅग पूर्ण वेळ त्यांच्या मांडीवर होती. ते वडिलांबद्दल विचारत होते, कुठल्या शाळेत होते, काय शिकवायचे. मी सांगत होतो. मग ते उठले आणि त्यांनी घंटा वाजवली.

"पुढं लंडन लागतं," ते म्हणाले.

"हो काका. या तुम्ही."

त्यांनी बॅग माझ्या मांडीवर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला आणि उतरले. बस वळेपर्यंत ते स्टॉपवर दिसत होते. मी मनाला समजावलं: सख्ख्या नातीसाठी ज्यांनी रेषा ओलांडली नाही, ते माझ्यासाठी कसे ओलांडतील? नियम सगळ्यांना सारखा आहे. विमानात मी त्या नियमाला धरून बसलो होतो. दुसरं धरायला काही नव्हतं.

पुढच्या दीड वर्षात परिक्रमा बॅनबरीवरून, मिल्टन कीन्सवरून फिरून खाली आली. सरे आणि केंटचा लंडनला लागून जाणारा तुकडा तेवढा राहिला. तेव्हा मंदीत मंदारची नोकरी गेली. व्हिसा नोकरीवर होता. दुसरी मिळाली नाही, आणि तिकीट निघालं ते नेमकं मतदानाच्या दिवसाचं.

सकाळी आम्ही तिघं शाळेच्या हॉलमध्ये मत द्यायला गेलो. पक्ष इतके होते की मतपत्रिका हातभर लांब. मंदारने ती मेनूकार्डासारखी उलगडली आणि मोठ्याने म्हणाला, "काका, यात थाळी आहे का?" टेबलामागच्या बाईंनाही मराठी न कळता हसू आलं. बाहेर आल्यावर मी मंदारशी हस्तांदोलन केलं आणि ऑफिसला गेलो. मला हलकं वाटत होतं. शनिवारपासून पुन्हा आम्ही दोघंच असणार होतो.

संध्याकाळी घरी आलो तर घर बंद होतं. मी चहा करून घेतला. उजेड अजून भरपूर होता. काका आले, खुर्चीत बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"कुठं गेला होता काका?"

"हिथ्रोला."

"स्लाउपर्यंत?"

"हिथ्रोला म्हटलं ना. आतपर्यंत. ते दाढी करण्याच्या फोमचे डबे काढून घेतात तिथपर्यंत."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे मोडली?"

"मोडली."

"काका, एवढासा तुकडा राहिला होता."

"हो रे." एक बूट निघाला. दुसऱ्याची गाठ सुटत नव्हती. "तुझ्या वेळी मी स्टॉपवर उतरलो. तू काचेतून बघत होतास. बाप गेलेला पोरगा, आणि मी त्याला बसमध्ये एकटा सोडून नियम पाळत उभा. मला ते नंतर झोपू देईना. म्हटलं, आता या घरातून कुणी जाईल त्याला असं सोडायचं नाही."

मी खाली बसून त्यांच्या बुटाची गाठ सोडवली. दुसऱ्या कुणाला हे ऐकून बरं वाटलं असतं. मला वाटत होतं की माझ्या वाट्याचं होतं ते मंदारला मिळालं. त्यामागचं कारण मी होतो, पण सोबत त्याला झाली. विमानतळावर मंदार रडत होता, काका सांगत होते. जाताना त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, तालुका सांभाळा.

"आपण पुन्हा सुरू करू," मी म्हटलं. "डार्टफर्डपासून. मी दर शनिवारी येईन."

त्यांनी दुसरा बूटही काढून खुर्चीखाली सारला. "तुला हवी असेल तर तू कर," ते म्हणाले. "माझं झालं."

झालंच. त्या शनिवारी ते ईलिंगला गेले. रविवारीही तिथंच राहिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. नातीला पाळणाघरातून आणायचं, बागेत न्यायचं, मंडळाच्या गणपतीत आरतीला उभं राहायचं, हे सगळं त्यांनी असं उचललं की जणू ते नेहमीच करत आले होते. मुलगी मला फोनवर म्हणाली, "थँक गॉड, बाबा नॉर्मल झाला." मी हो म्हटलं. पाच वर्षं लंडन आमच्या वाटेला येत नव्हतं. आता सगळे शनिवार लंडनचे होते. मला एका माणसाचा हेवा करायची सवय होती, एका अख्ख्या शहराचा कसा करायचा ते शिकायला वेळ लागला. घरी असले की काका पूर्वीसारखेच भांडी घासायचे. पण आता ते नातीबद्दल बोलायचे, आणि मी पुसायचो.

काही वर्षांनी ते ईलिंगलाच, मुलीच्या घरी, झोपेत गेले. अंत्यविधीला हॉल भरला होता. मुलगी बोलायला उभी राहिली. इंग्रजीत बोलली, मधे मधे मराठीत. तिने पुलावरच्या बारशाची गोष्ट सांगितली, लोक हसले. मग ती म्हणाली, "पण बाबाचा हार्ट किती मोठा होता, सांगते. बाबाच्या घरात एक लॉजर होता. त्याचा जॉब गेला, तो घरी जात होता, एकटा. त्याच्यासाठी बाबाने परिक्रमा सोडली. ऑलमोस्ट संपली होती. त्या मुलासाठी सोडली." ती रडायला लागली. लोकही रडले.

बाहेर चहा होता. एक वयस्कर बाई माझ्याजवळ आल्या. मी रीडिंगच्या घरात राहायचो हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"तो मुलगा तुम्हीच का हो?"

त्यांचे डोळे भरलेले होते. हो म्हटलं असतं तर त्यांनी मला जवळ घेतलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "तो दुसरा."

"अच्छा," त्या म्हणाल्या. थोडा वेळ त्यांनी माझा हात तसाच धरून ठेवला, मग सोडला.

घर विकलं गेलं. मी रीडिंगलाच एका फ्लॅटमध्ये राहतो. ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं तेव्हा मतदारसंघही संपला. त्याचे शेवटचे दहा खासदार घरी परतले, त्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येणार नाही. सरे आणि केंटचा तो राहिलेला तुकडा मी चाललो नाही. मंदार पुण्यात आहे. काकांच्या तिथीला तो फोन करतो. आम्ही काकांबद्दल बोलतो. जास्त तोच बोलतो.